मेस्टन गोंडवेची दुरुस्ती

सरकारी छापखान्यात मेस्टन गोंडवे माझ्या शेजारच्या टेबलावर छपाईचे खिळे जुळवायचा. स्वातंत्र्यानंतरची पहिली राज्यघटना त्याच्याच हातून जुळली. त्याचा त्याला एवढा अभिमान, की त्याची बायको तिवोंगे म्हणायची, "घटनेची बाळंतपणं यांनी केली, पोरांची तेवढी माझ्याकडे."

पुढे त्या घटनेला दुरुस्त्या सुरू झाल्या. अध्यक्ष आम्हीच निवडून दिलेले, त्यामुळे ते जे करत ते आमच्याच वतीने. आधी देशाला धोका होता, म्हणून चौकशीशिवाय माणूस कोंडायचा अधिकार आला. मग न्यायाधीशांना काढायचा अधिकार आला, कारण ते न्याय द्यायला लागले होते. मग विरोधी पक्ष गेला. एका घरात दोन चुली कशाला, असं रेडिओने समजावलं. दर वेळी संसदेत रीतसर मतदान झालं. आमची हुकूमशाही पुढच्या दाराने, टाळ्यांच्या गजरात आली. मेस्टन मान खाली घालून जुळवत राहिला. मीही.

नवव्या वर्षी कलम बारा आलं: अध्यक्ष तहहयात. मेस्टनने ते जुळवलं, तपासणीचं मुद्रित काढलं आणि वाचता वाचता थांबला. त्याच पानावर कलम अकरा जसंच्या तसं होतं: निवडणूक दर पाच वर्षांनी. कुणी काढायला विसरलं होतं. मी म्हटलं, जाऊ दे, वाचतंय कोण? पण चूक दिसली की त्याला घास गोड लागत नसे. मुद्रित घेऊन तो मंत्रालयात गेला.

तिथल्या अधिकाऱ्याने दोन्ही कलमं वाचली. चूक दाखवल्याबद्दल आभार मानले, खुर्ची दिली.
"मग यातलं कुठलं काढावं म्हणतोस?"
"ते मी कोण सांगणार, साहेब? लोकांना विचारा."

खुर्ची परत घेण्यात आली. तिसऱ्या दिवशी तिवोंगे त्याला शोधत छापखान्यात आली तेव्हा आमच्या छापखान्याच्या साहेबांनी तिला सांगितलं, की या नावाचा माणूस इथे कधी नव्हताच. मी समोरच बसलो होतो. मी खिळे चाळत राहिलो. ते माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

कलम अकरा रद्द झालं, म्हणजे मेस्टनची सूचना सरकारने अर्धी मान्यच केली. त्याबद्दल चौदा महिने आत. अध्यक्षांच्या वाढदिवसाला त्याला माफी मिळाली. कशाची, ते कागदावर लिहिलं नव्हतं. सुटताना त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती.

छापखाना सोडून तो सासुरवाडीला, सरोवराकाठी गेला आणि सुकी मासळी विकू लागला. तिथल्या मासळीवाल्यांनी त्याला आपल्या मंडळाचा प्रमुख निवडलं, दोन वर्षांसाठी. मी भेटायला गेलो तो नेमका मुदत संपल्याचा दिवस होता. मेस्टनने सभेत मंडळाच्या वखारीच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाला, आता दुसरा निवडा.

एक म्हातारी जवळ आली. तिने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.
"बरं वाटत नाही का रे?"
"ठणठणीत आहे, आजी."
"मग कुणी धमकी दिली?"
"नाही. मुदत संपली."

तिचा विश्वास बसला नाही. दुपारपर्यंत लोक एकमेकांना हळू आवाजात विचारत होते, नक्की काय झालं असावं.