शौनकची पाच बटणं

कोपर स्टेशनजवळ एका सोसायटीच्या तळमजल्यावर मतिमंद प्रौढांचं दिवसभराचं केंद्र आहे. तिथल्या विनिताताई म्हणजे कामाला वाघ. चौदा जणांचं खाणं, शी-शू, रुसवेफुगवे, सगळं त्यांनी नऊ वर्षं हसतमुखानं केलं. कुणी ओरबाडलं तरी "असू दे" म्हणायच्या. पण कामाला वाघ असलेल्या माणसाला एक खोड असते बघा, दुसऱ्याचे हात चालेपर्यंत त्याला धीर धरवत नाही.

शौनक बत्तीस वर्षांचा. सकाळी घरचा शर्ट काढून केंद्राचा निळा घालायचा, संध्याकाळी उलट. पाच बटणं. त्याला शिकवायचं म्हणजे आपले हात मागे ठेवून नुसतं बघत बसायचं. एकेका बटणाला सहा-सात मिनिटं! तिकडे न्यायला आलेला रिक्षावाला साईनाथ हॉर्न वाजवून सोसायटी डोक्यावर घेतोय. मग विनिता पाचही बटणं फटाफट लावून मोकळी. शौनक शहाण्यासारखा पुढ्यात उभा राही आणि वरच्या बटणासाठी हनुवटी वर करी.

वहीत प्रत्येकाचे तीन रकाने: करून दिलं, मदतीनं, स्वतः. वर्षभर पहिल्याच रकान्यात खूण केली तर वरचे विचारणार, "प्रगती कुठाय?" म्हणून तिनं काही दिवस दुसऱ्यात केली. दिवाळीनंतर सरळ तिसऱ्यात. एवढ्याशा खुणेनं कुणाचं काय बिघडतंय?

बिघडलं ना! शौनकची आई नीरजाकाकू, निवृत्त शिक्षिका, घरात ती दोघंच, वय एकाहत्तर, त्यात हृदयाचं दुखणं. आपल्यामागं याचं कोण, हा एकच घोर. अशा प्रौढांना कायमचं ठेवून घेणाऱ्या ठाण्याच्या एका वसतिगृहात एकच जागा रिकामी झाली. अट अशी, की कपडे ज्याचे त्याला घालता यायला हवेत. काकूंनी केंद्रातून वही मागून घेतली, तिला खाकी कव्हर घातलं आणि म्हणाल्या, "विनिताताई, तुम्हीही चला. हे तुमचंच यश आहे."

तेव्हा तरी तोंड उघडावं की नाही? नाही उघडलं. बघून बघून शिकलाही असेल, अशी स्वतःचीच समजूत घालत बया निघाली.

वसतिगृहाच्या कल्पिता मॅडमनी वही चाळली. खूश झाल्या. त्यांनी शौनकच्या हातात एक शर्ट दिला. त्यानं बाह्या नीट चढवल्या. मग तो सरळ विनितापुढे येऊन उभा राहिला आणि त्यानं हनुवटी वर केली.

"शौनक, असं काय रे? लाव ना," काकू म्हणाल्या. तो हलेना. "घरी लाडानं माझ्याकडून लावून घेतोस, पण केंद्रात रोज लावतोस की! आजच बरा हट्ट सुचला!" जन्मात कधी त्याच्यावर हात न उगारलेल्या त्या बाईनं फाटकन त्याच्या दंडावर मारलं. शौनकची हनुवटी वरच.

"मारू नका, काकू!" विनिता ओरडली. "त्याला येत नाही. मीच लावत होते. वहीत खोटं लिहिलंय मी."

काकू शौनककडे वळल्या. मारलेला दंड चोळत राहिल्या. त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. विनिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडमनी वही मिटून परत दिली. जागा गेली.

दुसऱ्या दिवशी तिला वाटलं, आता कसला येतोय शौनक. आला! काकू दारातूनच, तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "दुसरीकडे कुठे पाठवू?" आणि गेल्या.

निळा शर्ट चढवून शौनक पुढ्यात. हनुवटी वर. विनितानं दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. "तू लाव, राजा." तिला त्याच्याकडे बघवेना. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. बाकीचे नाश्त्याला बसले. शौनक तसाच. त्याला वाटलं, ताईला आज जमत नाहीये. त्यानं तिच्या पाठीमागून तिचा हात हळूच सोडवला, आपल्या बटणावर आणून ठेवला आणि वरून थोपटत म्हणाला, "असू दे."