पदवीतलं टिंब

काल मंडईत उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगांचा वास आला आणि मला माण गावातल्या घरमालकीण मावशींचा ओटा आठवला. आयटीत नवा लागलो, तेव्हा त्यांच्याकडे मी भाड्याने राहायचो.

त्यांच्या मुलीने, प्रतिभाने, आमच्याच कंपनीत अर्ज केला होता. ढीगभर अर्जांतून बी.एस्सी. झालेले शोधणारा प्रोग्रॅम माझा होता. पदवीच्या पुढे काहीही लिहिलेलं चालेल, म्हणून मी शोधायच्या शब्दाच्या शेवटी स्टारची (*) खूण टाकली होती. ‘बी’नंतरचं टिंब मात्र असायलाच हवं, असं नकळत लिहून बसलो. प्रतिभाने टिंब न देता नुसतं ‘बीएस्सी’ लिहिलं होतं, म्हणून प्रोग्रॅमने तिचा अर्ज गाळला. चूक लक्षात आली, तोवर जागा भरल्या होत्या. कुणाला न सांगता मी ती दुरुस्त केली.

त्याच संध्याकाळी मावशींनी गरम शेंगांची ताटली पुढे केली. “आमच्या पोरीचं काय झालं ओ? तुमी तितंच हाय, जरा इचारा की.”

दारातून प्रतिभा म्हणाली, “नगं गं आई. माजं इंग्रजी कच्चं हाय, मीच कमी पडले आसंल.”

“यंदा जागाच कमी होत्या,” मी खाली बघत म्हणालो.

पुढच्या वर्षी मी अर्ज आणून दिला, तर तिने तो भरलाच नाही. माझी नोकरी जाईल म्हणून तेव्हा गप्प बसलो. निदान एवढं तरी तिला सांगायला हवं होतं, की तिला कुणी नापास केलं नव्हतं. तिचा अर्ज कुणी उघडलाच नव्हता.