पत्रिकेतलं नाव

आमच्या भाऊबंदकीत लग्नपत्रिका हातात आली की मुहूर्त आधी कोणी वाचत नाही. नवरा-नवरीचं नावही नाही. नजर जाते ती थेट खाली, जिथे काका, मामा, आत्या यांच्या नावांची रांग छापलेली असते. आपलं नाव आहे का, कितव्या ओळीत आहे, आपल्या आधी कोणाला चढवलं, एवढं पाहून झालं की मग मुलगी कुठली वगैरे चौकशी. या रांगेवरून बोलणं बंद पडलेली घरं बहादरपुरात बरीच आहेत. त्यातलं एक आमचं. माझा फोन चोराने फोडला तो याच रांगेच्या जोरावर, म्हणून आधी हे सांगून ठेवते.

आमचे हे गेले त्याच्या पुढच्या वर्षी थोरल्या दिरांच्या मोठ्या मुलाचं लग्न निघालं. तो मुलगा यांच्या खांद्यावर बसून केळीच्या बागेत फिरला होता. ट्रॅक्टर त्याला यांनी शिकवला, आणि शाळेचे दिवस तो माझ्याच चुलीवर जेवला. पत्रिका आली तर काकांच्या रांगेत यांचं नाव नाही. 'कै.' लावूनसुद्धा नाही. मी मोठ्या जावेला विचारायला गेले. ती म्हणाली, शुभकार्याच्या पत्रिकेत गेलेल्या माणसाचं नाव बरं दिसत नाही. त्याच पत्रिकेत वर मथळ्याला आमच्या सासऱ्यांचं नाव 'कै.' लावून ठळक अक्षरांत छापलं होतं, ते मात्र तिला बरं दिसलं. मी त्या लग्नाला गेले नाही, आणि त्या दिवसापासून दोन्ही घरांत अबोला. बागेला बाग लागून, गच्चीला गच्ची लागून, आणि शब्द नाही.

यंदा तिच्या धाकट्याचं ठरलं. मला ते बाहेरच्यांकडून कळलं. रीत अशी की घरच्या जावेकडे कुंकू-अक्षता घेऊन स्वतः जायचं. मी वाट पाहिली, खोटं कशाला बोलू. मग एका दुपारी, घडांची गाडी भरून मजूर नुकतेच पांगले होते, तेव्हा फोन वाजला. मोठ्या जावेचा नंबर. खाली 'शादी में ज़रूर आना है' असं लिहिलेलं, आणि 'लग्नपत्रिका' नावाची एक फाईल.

पुण्यातल्या एखाद्या बाईला इथेच शंका आली असती, की मराठी घरातली जाऊ हिंदीत का लिहिते. आम्हाला नाही येत, आमचं गाव हिंदी राज्यातलं. आमच्याकडे वाक्य मराठीत सुरू होतं आणि हिंदीत उतरतं, फोनवर तर नक्कीच. आणि मला दिसला तो अपमान. चार पावलांवर राहून ही बाई मला फोनवर निमंत्रण धाडते, माझं तोंड बघायला नको म्हणून. रागाने माझे डोळे इतके भरले होते की फसवणुकीला त्यात जागाच उरली नव्हती.

फोनने मला विचारलं, परकी फाईल आहे, बसवू का. मी हो म्हटलं. मेसेज वाचायची परवानगी देऊ का. हो. नंबरांची यादी बघू देऊ का. तेही हो. मला खालची रांग बघायची होती, वाटेत जे दार आडवं आलं ते मी ढकलत गेले. सरतेशेवटी पडदा पांढरा झाला आणि पांढराच राहिला. पत्रिका काही उघडली नाही. फोन मात्र तव्यासारखा तापला.

चहाला उकळी यायच्या आत शेजारणीची हाक आली, की तुम्ही ही कसली पत्रिका पाठवली. मग घरच्या जुन्या लँडलाइनवर एकामागून एक. माझ्या फोटोसकट, माझ्या नावाने, तीच फाईल सगळ्यांकडे गेली होती. मी कानातल्या रिंगच्या टोकाने सिम बाहेर काढलं आणि तशीच बँकेत जाऊन खातं बंद करायला लावलं. पैसे वाचले. गेलं ते नाव.

कारण ती फाईल नवरीच्या माहेरीही गेली. ते लोक धूलकोटचे, माझ्या जुन्या ओळखीचे, माझा फोटो बघून त्यांनी विश्वासाने उघडली आणि त्यांचेही दोन फोन हातचे गेले. मोठ्या जावेला एवढं पुरे झालं. तिने गावभर सांगितलं की मी जळते, लग्न बिघडवायला मीच मुद्दाम ते पाठवलं. चोर सोडून संन्याशाला सुळी. भजनाला गेले तर बायका फोन पदराखाली घेऊ लागल्या, जणू मी नजरेनेच तो फोडणार होते.

मला सूड हवा होता. आधी चोराचा. त्याची बोटं झडावीत, त्याच्या घरच्या पत्रिकेत त्याला कोणी नाव देऊ नये, असं जे जे सुचलं ते मी देवासमोर बसून म्हणून घेतलं. पण चोराला शाप देण्यात मजा नाही. तो कुठल्या गावात बसलाय, एकटा आहे की टोळी, काही कळत नाही. मोठी जाऊ मात्र रोज सकाळी गच्चीवर पापड वाळत घालताना दिसत होती. माणसाचा राग शेवटी दिसणाऱ्यावर जाऊन बसतो, आणि माझा तर बसायला जागाच शोधत होता.

बुऱ्हाणपुरात ठाण्यावर सायबरचं बघणारा एक पोलीस आहे. त्याने माझा फोन उलटसुलट केला आणि पहिलाच प्रश्न विचारला, तुम्हाला ही फाईल आली कुठून. मी मोठ्या जावेचा नंबर दाखवला. तो म्हणाला, मग आधी त्यांचा फोन गेला होता, त्यांनाही पत्ता नसेल, त्यांच्याकडून दोघा-चौघांनाच गेली असेल, पसरली ती तुमच्या फोनावरून. तक्रारीला जोडायला त्याने त्या मेसेजचा फोटो काढला. मी त्याची एक प्रत मागून घेतली. चोर सापडेल का विचारलं तर त्याने मान धड हो अशी हलवली नाही, धड नाही अशीही नाही. मग इतवाऱ्यातल्या मोबाईलच्या दुकानात फोन पूर्ण पुसून घेतला, नवा पिन घातला, वर दुसरं कुलूप घातलं. दुकानदाराने बजावलं, पिन जन्मतारखेचा नको आणि घरात कोणाला सांगू नका. मी म्हटलं, सांगायला घरात आहे कोण.

आता ग्रुपचं सांगते. भाऊबंदकीचा ग्रुप यांनी सुरू केला होता. केळीचे भाव, कोणाच्या घरी काय झालं, सगळं त्यावर. यांना चष्मा कधी वेळेवर सापडायचा नाही, म्हणून स्वतःबरोबर मलाही अ‍ॅडमिन करून ठेवलं होतं, म्हणायचे तूच बघ. हे गेल्यावर काही महिन्यांनी नंबर बंद पडला, आणि एका सकाळी फोनने कळवलं की यांनी ग्रुप सोडला. ती ओळ वाचून मी त्या दिवशी जेवले नव्हते. अ‍ॅडमिन मग मी एकटीच उरले. माझ्याही ते कधी ध्यानात आलं नव्हतं.

फोन परत चालू झाल्यावर मी ग्रुपवर माझ्या आवाजात बोलले. लिहिलं नाही, कारण माझ्या नावाने लिहिणारा दुसरा होऊन गेला होता. आपल्या बोलीत सांगितलं, का बापा हो, मी स्वतः बोलू राह्यली, ते पत्रिका चोराची होती, कोनी उघडू नका, आन यापुढे कोनी काही पाठवलं तं आधी त्याचा आवाज ऐका. चोराला हिंदी येतं, छापील मराठीही येतं. आमचं बोलणं त्याला कुठून येणार. लोकांना हे पटलं. आणि मग मी ती कळ दाबली, जिच्यामुळे ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिन बोलू शकतो. सांगताना म्हटलं, सुरक्षेसाठी. ते खरंही होतं. पण कळ दाबताना माझ्या मनात सुरक्षा नव्हती. नाक दाबलं की तोंड उघडतं, हे मला केळीच्या व्यापाऱ्यांनी शिकवलंय.

लग्न जवळ आलं तशी मोठ्या जावेची पंचाईत झाली. छापील पत्रिका त्यांनी गावापुरत्या काढल्या होत्या, लांबच्या सगळ्यांना फोनवर पाठवायच्या ठरल्या होत्या. आता त्यांच्या घरची खरी पत्रिकासुद्धा कोणी उघडेना. तिच्या मुलाने नवा ग्रुप काढला, तर लोकांना वाटलं चोरच परत आला, आणि ज्याला त्यात घातलं तो बाहेर पडू लागला. थोरल्या दिरांनी एकेकाला फोन लावले. कागद कारखान्याच्या वसाहतीतले नातेवाईक म्हणाले, आवाजही आता नकली निघतात म्हणे, आपल्या ग्रुपवर येऊ द्या, मग निघतो. त्या ग्रुपला कुलूप होतं आणि किल्ली माझ्याकडे.

तेव्हा ती आली. कुंकू-अक्षतांचं तबक घेऊन, ठेवणीतलं लुगडं नेसून, भर दुपारी माझ्या दारात. मी तिला बसवलं, पाणी दिलं, चहा टाकला. यात काही कमी केलं नाही, कारण मला तिला लवकर जाऊ द्यायचं नव्हतं. तिने मला कुंकू लावलं नाही, ते मी गृहीतच धरलं होतं. अक्षता तेवढ्या पत्रिकेवर ठेवून पत्रिका पुढे केली. मी उघडली. खाली गेले. काकांची रांग होती. चुलत काका होते, मानलेले काका होते, ज्याच्याकडून खत घेतात तोसुद्धा काका म्हणून होता. यांचं नाव नव्हतं.

मी पत्रिका मांडीवर ठेवली. ती जमिनीकडे बघत म्हणाली,

"धाकले, ग्रुप खोल ना आता. तू बोलशीन तं लोक मानतीन."

"लगन बिघडवाले मी फाईल पाठवली, असं गावभर कोन सांगू राह्यलं होतं, बाई?"

आणि पोलिसाने काढलेला तो फोटो मी तिच्यासमोर धरला. तिचा नंबर, तिचा फोटो, आणि खाली ती फाईल. तिने बराच वेळ पाहिलं. मले काय माहीत माह्या फोनातून गेली ते, एवढंच कसंबसं म्हणाली. माफी मागितली नाही. मागितली असती तर माझं काय झालं असतं कोण जाणे, बहुधा मी विरघळले असते. तिने ती संधी घालवली याचा मला आजही आनंद आहे.

मी म्हटलं, बोलते. तिचा चेहरा उजळला. मी फोन घेतला, आवाज भरायची कळ दाबून धरली आणि पत्रिका वाचायला लागले. मुहूर्त, मंडप, कुलदेवतेची कृपा, सगळं सावकाश. हे निमंत्रण खरं आहे, सगळ्यांनी यायचं आहे. मग नावांच्या रांगेशी आले.

आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. घेतलं तर उखाण्यात, लाजून, कोणीतरी अडवल्यावर. एरवी 'हे'. बँकेतही मी त्यांचं नाव कागदावर बोट ठेवून दाखवते. ठाण्यावर पोलिसाने विचारलं तेव्हा सोबतच्या शेजारणीने सांगितलं. त्या दुपारी मी काकांच्या रांगेच्या आधी 'कैलासवासी' म्हटलं, आणि त्यांचं नाव घेतलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. यमक नाही, लाजणं नाही. मग बाकीचे काका छापलेल्या क्रमाने वाचले, खतवाल्यासुद्धा, आणि बोट उचललं. मेसेज गेला.

मोठ्या जावेच्या हातातली बशी तशीच राहिली. ती म्हणाली, ते पुसून टाक, फिरून बोल. मी तिला शांतपणे समजावून सांगितलं की पुसता येतं, पण फक्त मलाच, माझ्याच फोनावरून, आणि ग्रुप तर अजून बंदच आहे, म्हणजे कोणी वर काही बोलूही शकत नाही. आम्ही दोघी बसून बघत राहिलो. एकेक माणूस ऐकत होता, खुणा निळ्या होत होत्या. इतकी गोड दुपार मला हे गेल्यापासून मिळाली नव्हती.

लग्नाला सगळे आले. मीही गेले, पुढच्या सतरंजीवर बसले. कारखान्याच्या वसाहतीतल्या एका आतेसासूबाईंनी मला जवळ ओढलं आणि म्हणाल्या, त्याचं नाव ऐकून बरं वाटलं बाई. मोठी जाऊ तिथेच उभी होती.

पुसून टाक असा निरोप ती लग्नाआधी रोज धाडत होती. लग्न उरकल्यावर स्वतः आली. हात जोडले. म्हणाली, झालं ना तुझं, आता तरी काढ. मी पिन टाकून फोन तिच्याच हातात दिला. तिने तो मेसेज शोधला आणि दाबून धरला. सगळ्यांसाठी पुसायची मुदत उलटून गेली होती. आता फक्त आपल्यापुरतं पुसता येतं. तिने ते दोनदा वाचलं आणि फोन मला परत केला.

मी तो मेसेज तिच्यासमोर एकदा वाजवला.