बाहेरच्या डबीवर चालणारं मशीन

वैशाखातल्या रणरणत्या दुपारी, बोळक्या तोंडाची एखादी म्हातारी अडकित्त्यानं जन्मभराची सुपारी कातरत बसावी, तसा आवाज त्या लोखंडी उदरातून येऊ लागला. कट्, कट्, कट्... आणि मग एक दीर्घ, श्रांत उसासा.

आखाडा बाळापुरातल्या माझ्या फोटो स्टुडिओतला तो संगणक म्हणजे अर्ध्या तालुक्याच्या रूपसंपदेचं कोठार होतं, महाराज! किती नवरदेवांना मी त्यात मिशा बहाल केल्या, किती वऱ्हाड्यांचे मिटलेले डोळे उघडले! एका सासऱ्याला तर इतका गोरा केला, की त्याच्याच कुत्र्यानं तसबिरीवर भुंकून गल्ली जागवली. खोटं वाटतं? वाटू द्या. पण त्या दुपारी मशीनच्या आतली डिस्क बसली, हे मात्र निखळ सत्य. आणि नेमके तेव्हाच तांड्यावरचे हरसिंगकाका लेकीला, सुनीताला, घेऊन दारात उभे राहिले.

काकांची बायको जाऊन दोन उन्हाळे उलटले होते. तिचा उभ्या जगातला एकुलता एक फोटो, मीच काढलेला, त्या डिस्कमध्ये. परवा सुनीताचं लग्न. मांडवात आईची तसबीर हवी. धीर सुटून मी मशीनच्या पाठीत एक चापट हाणली.

“काहून मारून राहिला भाऊ त्याला? ते काय बैल हाय?”

“बैलच हाय काका. बसला.”

“मंग वझं दुसऱ्याच्या पाठीवर टाक की!”

बैलांच्या पाठीवर धान्य लादून मुलूख पालथा घालणाऱ्यांचे ते वंशज. त्यांना दुसरं काय सुचणार? आणि मीही तेच तर करणार होतो! नांदेडच्या मेकॅनिकनं दिलेली तळहाताएवढी काळी डबी माझ्यापाशी होती; संगणक चालू करण्याचा सारा सरंजाम तिच्यात. ती वायरनं जोडली आणि मशीनला बजावलं, की बाबा रे, आतल्या डिस्कचा नाद सोड, आधी या बाहेरच्या डबीकडे पाहा. पडदा उजाडला, पण इतका संथ, की तेवढ्यात वारंगा फाट्यावरची बैलगाडी हैदराबादला चहा पिऊन परतली असती. आतली डिस्क, अंथरुणावरच्या रुग्णानं क्षणभर डोळे उघडावेत तशी, कोपऱ्यात दिसू लागली. लोडशेडिंगची वेळ जवळ आलेली. सगळ्या मिशा, सगळे गोरे सासरे ओलांडून मी तो एक फोटो शोधला, डबीत उतरवला. आणि कट्-कट् थांबली ती कायमची. बाकीचा तालुका गडप!

पडद्यावर आरशांची ओढणी सावरत एक बाई हसत होती. “याडी,” सुनीता पुटपुटली. तांड्यावर आईला असंच म्हणतात.

काका मात्र डबीकडेच पाहत होते. “आतलं सारं गेलं, तरी चालून राहिलं?”

“चालतं काका. वायर जोडलेली हाय तोवर.”

“अन् काढली तर?”

फाट्यावरच्या ट्रकवाल्यांना बोलण्यात लोळवणारा मी, पण वायर घट्ट बसली आहे ना, तेच चाचपत राहिलो. बायको गेल्यापासून हा माणूस कुणाच्या हाकेनं उठत होता, कुणाच्या हातच्या चहानं चालू होत होता, हे का मला ठाऊक नव्हतं?

“सासरचं साखरा गाव काय परदेशात हाय का, बा?” सुनीता पदरानं नाक पुसत फणकारली. “रोज फोन करीन. न्हाई उचलला तर सासरहून येऊन उठवीन.”

“सासूला सांगून ये मंग,” काका म्हणाले. हसले, असं म्हणवत नाही.

पुढं कित्येक वर्षं मी आतली डिस्क बदललीच नाही. कंटाळा म्हणा, वय म्हणा. आताशा मी तरी आतून कुठं चालू होतो? सकाळी समोरच्या टपरीवरून कुणी तरी नावानं हाक मारतं, तेव्हा कुठं माझा पडदा उजाडतो. आपण सारेच का असे कुणाच्या तरी वायरीवर जगत असतो?

त्याच उन्हाळ्यात, सुनीताच्या लग्नानंतरच्या एका दुपारी, काका दुकानात येऊन बसले. आता कट्-कट् नव्हती. डबी तेवढी मंद गुणगुणत होती. आम्ही दोघंही दमलेले. इतक्यात त्यांच्या बंडीच्या खिशात मोबाइल वाजला. त्यांनी तो कानाला लावला, आणि त्यांचा चेहरा, त्या पडद्यासारखाच, अगदी सावकाश उजाडत गेला.