शक्कीमामू आणि नावाडी

चहा आला की शक्कीमामू आधी भरलेला कप डोक्याच्या वर धरून त्याचं बूड पाहायचे. थेंब सांडायचा नाही. "वरून समदेच कप धुतलेले दिसतेत," म्हणायचे आणि मग प्यायचे. त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ते नाव घेऊन वसमतमध्ये पत्ता विचारला तर माणसं विचारात पडायची. शक्कीमामू म्हटलं की रिक्षावाला मान न वळवता बोट दाखवायचा.

बसस्टँडच्या मागच्या गल्लीत दुकान, आत पाच कॉम्प्युटर. सकाळी पीकविम्याचे, दाखल्यांचे, परीक्षेचे फॉर्म भरायचे आणि दुपारच्या जेवणानंतर गेम. मोंढा बाजार जवळच, त्यामुळे हळदीचा धुरळा सगळीकडे. कीबोर्ड पिवळे, माउसची वायर पिवळी. दर जुम्म्याला नमाजहून आले की मामू पाचही डबे उघडून सायकलच्या पंपानं आतले पंखे साफ करायचे. त्या दिवशी दुकानात कुणी शिंकल्याशिवाय बसूच शकायचं नाही.

मी हळद पॉलिश करायच्या कारखान्यात कामाला होतो. दहावीचं वर्ष अर्ध्यात सोडलं होतं, घर शिरड शहापूरच्या बाजूला, वय वीस. माझे हात नखापर्यंत पिवळे असायचे. मामू मला दारातच थांबवायचे. "बालाजी, हात दाखव." मी धुतलेले हात दाखवायचो. "उलटे कर." उलटे करायचो. "आता पुन्हा धू." मला तेव्हा वाटायचं, हा माणूस मला चोर समजतो. कीबोर्डचं निमित्त आहे. आणि खरं सांगायचं तर मीही त्यांच्यावर शक घ्यायचो. एवढं तपासणारा माणूस काहीतरी लपवत असणार, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. लोखंडी कपाटाला दोन कुलपं कशाला? त्यात गेमच्या डिस्क होत्या, विकत आणलेल्या. फुकटच्या कॉपीला ते हात लावायचे नाहीत. "फुकट देणारा आपल्याकडून काय नेतो ते आधी बघावं," हे ते दिवसातून एकदा तरी म्हणायचे.

मामू स्वतः गेम खेळायचे, हे मी सांगितलं तर इथं मंगळूरला माझ्यासोबत काम करणारी पोरं हसतात. पन्नाशी ओलांडलेला माणूस, नाकावर चष्मा, बाजूला मोबाइल उघडा ठेवून इंग्रजी शब्दांचे अर्थ बघत, एका बोटानं खेळायचा. पण ते मूळ गेमसाठी खेळायचे नाहीत, त्याच्या पुरवणीसाठी खेळायचे. कंपनी आधी एक गेम काढते. वर्ष-दोन वर्षांनी त्यालाच जोडायचा आणखी एक भाग काढते, नवी जागा, नवी माणसं. मामू त्याला पुरवणी म्हणायचे. आणि त्यांचा असा शोध होता की पुष्कळ गेमची पुरवणी मूळ गेमपेक्षा सरस असते. गाड्यांच्या एका गेममध्ये मूळ भागात शंभर रस्ते होते, सगळे सारखे. पुरवणीत एकच घाट होता, धुक्यातला. मामू त्या घाटात महिनाभर गाडी चालवत होते.

आपल्याला एखादी गोष्ट आवडली की आपण खूश होतो. मामूंना शक यायचा. "हे एवढं चांगलं त्यांना येत होतं, तर पहिल्यांदा काहून न्हाई दिलं? लपवून ठेवलं व्हतं का?" हा प्रश्न त्यांना खरोखर छळायचा. वहीत डाव्या बाजूला मूळ गेम, उजव्या बाजूला पुरवणी, काय सुधारलं, काय काढून टाकलं, असं लिहायचे. पुढं एक दिवस पंपानं हवा मारता मारता म्हणाले, "लपवलं न्हाई बाबा. त्यांनाबी तवा माहीत नव्हतं. पहिल्या खेपेला गिऱ्हाईक यावं म्हणून समदं कोंबतेत. दुसऱ्या खेपेला गिऱ्हाईक आलेलं असतं, मंग मनातलं काढतेत." मी दहावी सोडलेला. ते गेमबद्दल बोलत होते, पण मला ते ऐकून उगाच बरं वाटलं.

त्यांचा सगळ्यात लाडका होता नावाड्याचा गेम. मूळ गेममध्ये तलवार घेऊन तीस-चाळीस तास माणसं कापायची. मामू म्हणायचे, "हे तर गवत कापणं झालं." पण सुरुवातीलाच, पहिल्या पाच मिनिटांत, नदी लागते. काठावर एक म्हातारा नावाडी होडीत बसलेला. पलीकडे सोडण्याआधी तो दहा सवाल विचारतो. पहिला सवाल, "तुझ्यामागून कोण येतंय?" मग कुठला, कशाला चाललास, हातात तलवार का. गेम सुरू करणारा प्रत्येक जण त्याला वैतागतो. एक बटण दाबलं की नावाडी पाण्यात, होडी आपली. आम्ही सगळ्यांनी त्याला धक्का दिला होता. तो बुडत नाही, पोहत काठाला येतो आणि ओला होऊन पाठमोरा बसतो. त्याच्याकडे कोण बघतं?

पुरवणी आली तेव्हा ती कुणाचीच उघडेना. फक्त मामूंची उघडली. चार दिवस वही घेऊन प्रत्येकाला विचारत बसले, आणि मग कळलं. पुरवणीचं दार मेनूत नव्हतंच. मूळ गेम संपवून परत त्या काठावर जायचं. नावाड्याला धक्का दिलेला नसेल तर तो होडीत घेतो. दिला असेल तर तो पाठमोराच राहतो. मामूंनी त्याला धक्का दिला नव्हता, कारण त्यांना त्याचा पुरता शक आला होता. त्याच्यासमोर बसून त्यांनी दहाही सवालांची उत्तरं दिली होती. "बराबर चौकशी करून राहिला व्हता तो माणूस. शक घ्यावा, धक्का देऊ न्हाई."

त्या पुरवणीत तलवार नव्हतीच. सिद्धेश्वर धरणाचं पाणी उन्हाळ्यात उतरलं की काठाला जुनं काहीबाही उघडं पडतं, तसं एक बुडालेलं गाव वर आलेलं. नावाडी वल्हवतो, आपण दारोदार विचारत फिरायचं की धरणाचं दार कुणी उघडं सोडलं. मी मामूंच्या खांद्यावरून दोन महिने पाहिलं. "बघून काय समजतं? खेळ की!" ते म्हणायचे. पण त्यासाठी पहिल्यापासून ते गवत कापायचं होतं. माझ्याच्यानं झालं नाही.

त्याच सुमाराला मला मोबाइलवर नोकरी आली. परदेशात, गेम तपासायची. दिवसभर गेम खेळायचे आणि चुका लिहायच्या. शिक्षणाची अट नाही, तिकीट कंपनीचं, राहणं कंपनीचं. मला रात्रंदिवस दुसरं काही सुचेना. पासपोर्ट मामूंच्याच दुकानातून फॉर्म भरून आला होता. तो नांदेडला एका माणसाच्या हातात द्यायचा होता. त्याची झेरॉक्स काढायला गेलो आणि मामूंनी कागद खाली ठेवला.

"समदं फुकट?"

"व्हय मामू. तुमच्या नावाड्याचा गेम बी त्यांनीच तपासलाय म्हणतेत."

"मंग लाव त्याला फोन. इस्पीकरवर."

नोकरी देणारा साहेब हिंदीत बोलत होता, गोड. मामूंनी विचारलं, "साहब, हमारे इधर पुरवणी, मतलब वो नया हिस्सा, खुलताइच नहीं. क्या करना?"

"मेनू में जाओ चाचा, डाउनलोड दबाओ."

"और वो नाववाला?"

"कौन नाववाला?"

मी फोन ओढून घेतला. मामूंना म्हणालो, "तो ऑफिसातला माणूस हाय. त्यानं काहून खेळावं?"

"व्हय, हेबी बराबर," मामू शांतपणे म्हणाले. "मंग खेळणाऱ्याला विचारू. तिथं आपल्याकडचं कुणी असंल की."

मी साहेबाला तसं कळवलं आणि दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल आला. मराठी बोलणारा पोरगा होता, माझ्याच वयाचा. इथं सगळं चांगलं आहे, म्हणाला, तोच गेम रोज आठ तास तपासतो. मामूंनी मला सरकवून तोंड पुढं केलं. "लेकरा, नावाडी पहिला सवाल कोणता विचारतो?"

त्या पोरानं डाव्या बाजूला पाहिलं. मग म्हणाला, "तो शेवटी येतो ना मामा. लई डेंजर. त्याला मारावं लागतं." परत डावीकडे पाहिलं आणि कॉल बंद झाला.

मामूंनी फोन उलटा ठेवला. "पाच मिनिटं खेळणाऱ्यालाबी ठावं हाय ते. ह्या पोरानं गेम उघडलासुदिक न्हाई. आन त्याच्या बाजूला कुणीतरी बसलेलं हाय. बालाजी, पासपोर्ट घरी ने. आईच्या हातात दे."

मी नांदेडच्या माणसाला पासपोर्ट दिला नाही. पण मामूंचं ऐकलं म्हणून नाही, घाबरलो म्हणून. आणि घाबरल्याचा राग मामूंवर काढला. नांदेडचा माणूस दोनदा फोन करून गप्प झाला, तशी माझी खात्रीच झाली की ह्या माणसानं माझं वाटोळं केलं. आपल्या दुकानातलं पोरगं आपल्या पुढं जाऊ नये म्हणून केलं. कारखान्यात बोललो. मग गावच्या ग्रुपवर लिहिलं की शक्कीमामू लोकांचे कागद वाचतो, ज्याचं त्याचं बघतो, त्याच्याकडे फॉर्म देऊ नका. ते लिहिताना मला माहीत होतं की मी खोटं लिहितोय. पीकविम्याचे दिवस होते. त्या वर्षी आमच्या गावची माणसं चौकातल्या दुसऱ्या दुकानात गेली. मी रस्त्यावरून जाताना तिरक्या नजरेनं पाहायचो. मामू रिकाम्या दुकानात बसून पंख्याला हवा मारत असायचे. जुम्मा नसला तरी.

सहा-सात महिन्यांनी शिरडचा एक पोरगा परत आला. तो त्याच नांदेडच्या माणसामार्फत गेला होता. ओळखू येत नव्हता एवढा वाळला होता. त्यानं त्याच्या ओट्यावर बसून सांगितलं ते मी ऐकलं. तिथं गेम नव्हताच. पासपोर्ट काढून घेतात, कोंडून ठेवतात आणि दिवसभर खोट्या नावानं लोकांना फसवणारे मेसेज लिहायला लावतात. घरून फोन आला तर बाजूला माणूस बसतो. मी तिथून उठलो.

दुकानात गेलो. काय बोलायचं ते वाटेत दहा वेळा घोकलं होतं. मामूंनी वर पाहिलं.

"हात धुतलेस?"

मी रडायला लागलो. त्यांनी बाहेरच्या नळाकडे बोट दाखवलं. धुऊन आलो, उलटे करून दाखवले. मग ग्रुपवर लिहिल्याचं सांगितलं. "माहीत हाय," ते म्हणाले. "माझ्यावर शक घेतलास त्याची तकलीफ न्हाई. तेवढा घ्यायलाच पायजे. पण तू धक्का दिलास रे." एवढंच. त्या दिवशी मी ग्रुपवर खरं काय ते लिहिलं. काही माणसं परत आली, काही आली नाहीत. बोललेलं पुरतं पुसता येत नाही, हे मला तेव्हा कळलं.

मग त्यांनीच मला पंखे उघडायला शिकवलं, मग बोर्ड, मग तार जोडायला. वर्षभरानं त्यांच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याकडून मंगळूरला लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात जागा निघाली. ती जागा पक्की करण्याआधी मामू स्वतः रेल्वेनं मंगळूरला जाऊन आले. दुकान पाहिलं, मालकाच्या घरी जेवले, आणि मी जिथं राहणार होतो त्या खोलीचं दार आतून उघडतं का ते तपासलं. मला निरोप द्यायला वसमतच्या बसस्टँडवर आले तेव्हा आधी ड्रायव्हरला विचारलं, झोप झाली का. मग माझ्या आईला म्हणाले, "बाई, मी बघून आलोय. दार आतून उघडतं." आईला त्याचा अर्थ कळला. तिनं त्यांना हात जोडले. मामू घाईनं टायरकडे बघायला गेले.

इथं येऊन चौथं वर्ष आहे. मी लॅपटॉप उघडतो तेव्हा आतला धुरळा काळा निघतो. अजूनही माझ्या मनाला तो पिवळाच अपेक्षित असतो. अनोळखी नंबर आला की मी उचलत नाही. मामूंचं दुकान आता बंद आहे. फॉर्म लोक मोबाइलवर भरतात, गेमही त्यावरच. डोळेही साथ देत नाहीत, असं ते फोनवर म्हणतात.

मागच्या महिन्यात कुरिअरनं एक पाकीट आलं. आत पेन ड्राइव्ह, चिठ्ठी नाही. पाठवणाऱ्याचं नाव अर्धवट. मी तो लावला नाही, आधी मामूंना फोन केला. "तुमी पाठवलं का काही?"

पलीकडून खूश झालेला आवाज आला. "म्हणलं बघू, इच्यारतो का तसाच लावतो!"

"पण हाय काय त्यात?"

"लावून बघ की. आता शक काहून घेतो?"

रविवारी दुपारी लावला. नावाड्याचा गेम होता, खेळून जपून ठेवलेला. खेळाडूच्या नावाच्या जागी लिहिलं होतं, बालाजी. मामूंना आवडत नसलेला तो सगळा मूळ गेम, ते चाळीस तासांचं गवत, त्यांनी त्या डोळ्यांनी, एका बोटानं, माझ्या नावानं पुन्हा पहिल्यापासून कापलं होतं आणि मला काठावर आणून उभं केलं होतं.

नावाडी माझ्याकडे तोंड करून बसला होता. मी जवळ गेलो. त्यानं एकही सवाल विचारला नाही. फळीवर थोडं सरकून त्यानं जागा केली. मी आधी वाकून होडीचं बूड पाहिलं. मग बसलो.