हवेच्या टाकीतलं पाणी

इनास मेस्त्रींनी कधी कुठल्या ड्रायव्हरला "गाडी कशी चालते?" असं विचारलं नाही. फोंडाघाटच्या त्यांच्या गॅरेजपुढे ट्रक थांबला, की ते गुडघ्यावर बसायचे, चेसीखाली हात घालून ब्रेकच्या हवेच्या टाकीच्या कॉकची तार ओढायचे आणि फुस्स करून सुटलेल्या हवेत तळवा धरायचे. तळव्यावरचं पाणी चोळून, वास घेऊन निकाल देत. तेल लागलं तर कॉम्प्रेसर आजारी. नुसतंच पाणी, तेही भरपूर, तर ड्रायव्हर आळशी. हा दुसरा आजार त्यांना जास्त सलायचा.

"समुद्राकडली हवा ती," ते म्हणायचे. "दाबलंस की पाणी सोडतली. ता रोज काढूक नको?"

मूळचे ते तारकर्लीकडचे. घर सोडून घाटाच्या पायथ्याशी का आलात, असं विचारलं, तर उत्तर ठरलेलं: "थंय रस्तो सपाट. मेस्त्रीची गरज हंय."

मी तेव्हा स्वतःच्या ट्रकने कोल्हापूरला आंबे न्यायचो आणि स्वतःला फार हुशार समजायचो. टाकीखालचा पाणी सोडायचा कॉक गळायला लागला, तेव्हा मी तो काढून तिथे चक्क बोल्ट आवळला. गळती थांबली, रोज वाकायचं कामही वाचलं. त्या दिवशी मेस्त्रींचा हात नेहमीसारखा खाली गेला आणि तिथेच थांबला.

"मेल्या, बोल्ट मारलंस?"

"गळत होतो. दाबाचो काटो भरलेलो आसा मा!"

"इंजिन बंद कर. ब्रेक दाब आणि मोठ्यान मोज."

चौथ्या दाबालाच हवा संपत आल्याचा बझर कोकलला. मेस्त्रींनी बोल्ट सोडला, तर तांबूस पाण्याने अर्धी बादली भरली.

"काट्याक दाब कळता, जागा कळणा नाय," ते म्हणाले. "टाकयेत पाणी भरलंस तर हवा रवतली खंय?"

मागे आंबा तापत होता, बाजार गाठायचा होता. माझा पारा चढला. "मेस्त्री, भिववचो धंदो पुरे करा," असं मी सगळ्यांसमोर बोललो. नवा कॉक बसवून, टाकीत हवा भरून त्यांनी मला पुन्हा मोजायला लावलं. दहावा दाब झाला तरी बझर गप्प होता. मग हात पुसत म्हणाले, "आता जा. पण परत तुझ्या गाडयेक मी हात लावचंय नाय. गळती दाखयलंस तर दुरुस्त करतलंय. तू ती लपयलंस."

मला वाटलं, राग आहे, उतरेल. दुसऱ्या दिवशी घाट उतरताना धुक्यात पुढे गुरं आडवी आली, लागोपाठ ब्रेक मारावे लागले आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. तसाच मी गॅरेजात जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा पाजला, मुलांची चौकशी केली आणि गाडीचं काम निघताच समोरच्या गॅरेजकडे बोट दाखवलं. हे दोन वर्षं चाललं. मी रोज सकाळी त्यांच्या गॅरेजसमोरच टाकी रिकामी करायचो. ते पाहायचे आणि नजर फिरवायचे. खरं सांगतो, एवढं वाईट मला वडिलांच्या रागाचंही वाटलं नव्हतं.

मग एका दुपारी कोल्हापुरातून त्यांच्या बायकोचा, नातालीनकाकीचा फोन आला. मेस्त्रींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि बस चुकली होती. मी खत भरून परतच निघालो होतो. दवाखान्यापुढे ट्रक लावला. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा मिचकावत मेस्त्री गाडीपाशी उभे राहिले.

"टाकी सोडलंस?"

"सकाळीच."

इतकंच. काकीच्या खांद्यावर हात ठेवून ते वर चढले.

घाट सुरू झाला. मी खालचा गिअर टाकला आणि प्रत्येक वळणावर त्यांच्या शेऱ्याची वाट पाहत राहिलो. ब्रेक लागत होता, सुटत होता. शेरा काही येईना. अर्ध्या घाटात मी न राहवून विचारलं, "मेस्त्री, ब्रेक बरोबर लागतत मा?"

उत्तर काकीने दिलं, तेही कुजबुजत.

"हळू बोल रे. निजले ते. लगीन झाल्यापासून ह्यांका घाटात निजलेले मी आजच बघतंय."