तारुण्याची वाट नाकातून

माणसाच्या साऱ्या सुखदुःखाचं मूळ नाकात आहे, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस अख्ख्या चंद्रपूर जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका माझा साडभाऊ, म्हणजे मेव्हणीचा नवरा. भद्रावतीला जन्मभर जीवशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले, पण शिकवणं काही सुटलं नाही. पोटातल्या बाळाच्या नाकापाशी काही चेतापेशी जन्म घेतात, वासाच्या तंतूंना धरून चालत चालत मेंदूत शिरतात आणि पुढे वेळ आली की पोराला वयात आणायचा हुकूम तिथूनच सुटतो, हे ते बारशालाही सांगत आणि तेरवीलाही. "पेशी वाटेतच थांबल्या, का वास बी गेला अन् मिशी बी गेली," असं एकदा त्यांनी एसटीच्या कंडक्टरला ऐकवलं. त्या बिचाऱ्यानं तिकीट द्यायचं सोडून आधी मिशी चाचपली. मेव्हणी तर सरळ सांगायची, "यायले पंगतीत बसवू नका. लोकायचं जेवन राहून जाते."

माझा भाचा मोहर्लीला सफारीची जिप्सी चालवतो. बाविशी गाठली तरी गाल गुळगुळीत, आवाज बारीक, पर्यटक त्याला "बेटा, कौनसी क्लास में हो?" विचारायचे. आरमोरीची मुलगी पसंत होती, तिलाही हा आवडला होता, पण पठ्ठ्या लग्नाला नाही म्हणे आणि कारण सांगेना. त्याची आई, माझी ताई, रडकुंडीला आली. अशात साडभाऊ आणि मी तिच्याकडे गेलो. अंगणभर मोहफुलं वाळत होती, त्या वासानं माझं आणि ताईचं डोकं जड झालेलं. त्यांनी ओंजळभर फुलं भाच्याच्या नाकाखाली धरली.

"डोये मीट. कायचा वास येते?"

"कायचाच नाई."

"कधीपासून?"

"कधीच नाई आला, मामाजी."

शेजारी दूध करपलं तरी हा ढिम्म बसतो, म्हणून ताईनं त्याला आजवर आळशी ठरवलं होतं. साडभाऊ व्याख्यान देतील म्हणून आम्ही सावरून बसलो, तर त्यांनी हातातली फुलं परत वाळवणावर टाकली. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन त्यांनी नागपूर गाठलं. रक्ताच्या तपासण्या झाल्या, इंजेक्शनं सुरू झाली. हळूहळू आवाज फुटला, मिशीची रेघ उमटली आणि पठ्ठ्या स्वतःहून लग्नाला तयार झाला.

आरमोरीच्या मांडवात साडभाऊ मागच्या खुर्चीवर बसले होते. मी डिवचलं, "आज नाकपुराण नाही?" ते आपल्या विरळ मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "मले हे समजाले चाळिशी गाठा लागली. तवरीक वास येते का, असं मले कोणी विचारलंच नाई."

साडभाऊ आणि मेव्हणीला मूलबाळ नाही, एवढंच आम्हांला ठाऊक होतं. तेवढ्यात नवरदेव पाया पडायला वाकला. साडभाऊंनी त्याला उठवून छातीशी धरलं, ते सोडेचनात. मेव्हणीनं पदरानं डोळे टिपले आणि ती हळूच म्हणाली, "सोडा आता त्याले. फोटोवाला थांबला हाय."